लिफ्ट केलेल्या जिप्सीचा क्रॉस परत परत जातोय? चौथा घेण्याआधी कोन मोजा

नऊ महिन्यांत मागच्या प्रॉपशाफ्टचे, म्हणजे मागच्या चाकांकडं ताकद नेणाऱ्या फिरत्या दांड्याचे, तीन क्रॉस गेले. क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा, कोनातही फिरू देणारा सांधा. पहिला गेला तेव्हा वाटलं, जुनी गाडी आहे, जायचाच. दुसरा गेला तेव्हा क्रॉस डुप्लिकेट निघाला असं म्हणून दुकानदाराला बोल लावला. तिसरा किणयेच्या पुढं जांबोटी रस्त्यावर, भर पावसात खडखडायला लागला. मागं आई आणि भाताच्या रोपांच्या पेंढ्या. वीसच्या वेगानं शेतापर्यंत पोचलो आणि त्याच संध्याकाळी ठरवलं, की कारण कळल्याशिवाय चौथा क्रॉस घ्यायचा नाही.

कारण सापडलं. आता त्याला दोन पावसाळे झाले आणि चौथा क्रॉस अजून गाडीत आहे. बेळगाव, खानापूर, चंदगड, निपाणी या पट्ट्यात ओळखीच्या चार-पाच जणांची हीच तक्रार ऐकली. प्रत्येकजण क्रॉसच बदलतोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी मारुती जिप्सी. बेळगाव छावणीचं गाव, मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथलंच, त्यामुळं लष्कराच्या जिप्सी बघत बघतच आम्ही मोठे झालो. आमचं शेत जांबोटीच्या बाजूला आहे. तिथला शेवटचा दीड किलोमीटर रस्ता म्हणजे तांबड्या चिखलात ट्रॅक्टरच्या चाकांनी पाडलेल्या दोन चऱ्या. मधला उंचवटा ॲक्सलच्या हौसिंगला घासायचा, म्हणून लिफ्ट केली, म्हणजे गाडी उचलून घेतली. हौस नव्हती, गरज होती. दोन इंच जास्त कमानीचे स्प्रिंगचे पाटे घातले, पुढं-मागं मूळच्यापेक्षा दोन इंच लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या हलत्या कड्या, लावले आणि २०५/७० आर १५ काढून २३५/७५ आर १५ टायर बसवले. टायरच्याच हिशेबानं गाडी सव्वा इंचाच्या वर उठते, कारण नव्या टायरचा व्यास सुमारे ६५ मिलिमीटरनं जास्त आहे. स्पीडोमीटर ५० दाखवतो तेव्हा गाडी खरी ५५ वर असते, हेही ध्यानात ठेवा. खाली दिलेले वेग काट्यावरचे आहेत.

थरथर नेमकी कुठली

लिफ्टनंतर गाडी थरथरली की पहिला संशय टायरवर जातो. माझाही गेला. दोनदा बॅलन्सिंग केलं, एकदा अलाइनमेंट. पैसे गेले, थरथर राहिली.

चाकाची थरथर आणि शाफ्टची थरथर हातापायांना वेगवेगळी कळते. चाक बॅलन्सला नसेल तर स्टिअरिंग हलतं, ठोके जाड आणि मोजता येतील असे असतात. प्रॉपशाफ्ट चाकाच्या साडेतीन-चार पट वेगानं फिरतो आणि कोनात फिरणारा क्रॉस एका फेऱ्यात दोन झटके देतो. म्हणजे साठच्या आसपास सेकंदाला पन्नासच्या वर झटके. ते ठोके वाटतच नाहीत, एक बारीक घूंऽऽ असा आवाज सीटखालून आणि फरशीतून येतो. माझ्या गाडीत तो ४५ ला सुरू व्हायचा, ६० ला कानात बसायचा आणि ७० च्या पुढं थोडा कमी व्हायचा.

दोन चाचण्या रिकाम्या रस्त्यावर करून बघा. त्या वेगाला गाडी नेऊन न्यूट्रल करा. थरथर थांबली तर इंजिन, क्लच किंवा माउंटिंगकडं बघा, राहिली तर चाकं किंवा शाफ्ट. मग गिअरमध्ये त्याच वेगाला रेस द्या आणि सोडा. रेस दिल्यावर वेगळा आवाज आणि सोडल्यावर वेगळा येत असेल तर टायरचा नाद सोडा, कारण टायरला रेसशी घेणंदेणं नसतं. शाफ्टच्या कोनाला असतं: रेस दिली की पाटे पिळतात आणि पिनियनचं, म्हणजे हौसिंगमधल्या ज्या गिअरला शाफ्ट जोडतो त्याचं, नाक वर उठतं.

लेथवर काय कळलं

तिसरा क्रॉस काढल्यावर तो खिशात घालून उद्यमबागला गेलो. तिसऱ्या रेल्वे गेटच्या पलीकडं फौंड्री आणि मशीनशॉपची जी गर्दी आहे तिथं आमच्या ओळखीचे एक लेथवाले काका आहेत. शाफ्टला स्पेसर, म्हणजे कमी पडणारी लांबी भरून काढणारी जाड चकती, करून घ्यायचा म्हणून गेलो होतो. काकांनी क्रॉस हातात घेतला, एका टोकाची वाटी काढली आणि बोटानं आतली पूड चिमटीत घेऊन दाखवली. ग्रीसचा मागमूस नाही. विटेच्या भुकटीसारखी कोरडी, तांबूस पूड. मग क्रॉसच्या दांडीवर नख फिरवायला सांगितलं. नख अडत होतं. सुईसारख्या बेअरिंगांच्या बारीक चऱ्या दांडीवर उमटल्या होत्या, आणि चारही दांड्यांवर एकाच बाजूला.

"क्रॉस कशाला बदलूलालास सारखा? कोन बघितलास काय?"

मी कोन बघितला नव्हता. कुणीच बघितला नव्हता. काकांनी भंगारातला एक जुना शाफ्ट व्हाइसमध्ये धरला, एका टोकाला खडूनं रेघ मारली आणि क्रॉस वाकवून हळूहळू फिरवायला लावला. माझा हात एकसारखा फिरत होता, पण पलीकडचं टोक मात्र कधी पुढं धावायचं, कधी मागं रेंगाळायचं, एका फेऱ्यात दोनदा. वाक वाढवला की धावणं-रेंगाळणं वाढायचं. हिशेबानं १० अंशाला हा फरक दीड टक्का होतो, २० अंशाला सहा टक्के.

अशा शाफ्टना म्हणूनच दोन टोकांना दोन क्रॉस असतात. पहिल्यानं घातलेली चूक दुसरा काढून टाकतो. पण त्यासाठी दोन अटी: दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे, म्हणजे क्रॉस धरणारे दुहेरी फाटे, एका रेषेत हवेत. लिफ्ट करताना यातली एक अट बहुतेक वेळा मोडते. माझ्या गाडीत दोन्ही मोडल्या होत्या.

कोन कसे मोजायचे

गाडी सपाट जागी, स्वतःच्या चाकांवर, रोज असतो तेवढा भार घालून उभी करा. जॅकवर मोजू नका, हौसिंग लटकलं की आकडे खोटे येतात. चुंबकाचं डिजिटल अँगल गेज हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. ते नसेल तर फोनमधलं लेव्हलही चालतं, फक्त फोन कव्हरमधून बाहेर काढा.

मोजायचे आकडे तीनच. ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या शाफ्टला वाटणारी पेटी, तिच्या मागच्या फ्लँजचा (शाफ्ट बोल्टनं जोडायच्या चकतीचा) कल, शाफ्टच्या नळीचा कल आणि पिनियन फ्लँजचा कल. फ्लँज उभा असतो, त्यामुळं तिथला आकडा नव्वदमधून वजा करावा लागतो. शाफ्ट पिनियनकडून सोडून फ्लँजच्या तोंडावर सरळ पट्टी धरली तर मोजणं सोपं जातं.

माझे आकडे असे होते. ट्रान्सफर केस मागं २ अंश उतरती, शाफ्ट १२ अंश उतरता, पिनियनचं नाक ७ अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसचा कोन १०, मागच्याचा ५. पाच अंशांचा फरक. दोन क्रॉस असूनही शाफ्टला एकटाच क्रॉस साडेआठ अंशांवर फिरावा तेवढी चूक राहत होती. दोन कोनांतला फरक एका अंशाच्या आत हवा. पाटेवाल्या गाडीत पिनियन एखादा अंश खाली राहिला तर चालतो, कारण रेसवर तो वरच जाणार असतो. वर राहिलेला चालत नाही.

आता हे पाच अंश आले कुठून? लांब शॅकलमधून. जिप्सीत मागच्या पाट्याचं पुढचं टोक चॅसीला पक्कं आणि मागचं टोक शॅकलला असतं. शॅकल दोन इंच लांब केलं की पाट्याचं फक्त मागचं टोक खाली जातं. गाडी एकच इंच उठते, आणि त्या बदल्यात पूर्ण हौसिंग पुढं नाक वर करून फिरतं. माझ्या गाडीत याच एका गोष्टीनं तीन अंश खाल्ले. उरलेले दोन नव्या पाट्यांच्या कमानीतून आले.

लांब शॅकल स्वस्त पडतं, दोन तासांत बसतं, म्हणून गॅरेजवाले तेच सुचवतात. माझं मत स्पष्ट आहे: रोज चालवायच्या गाडीला लांब शॅकल नको. एका इंचासाठी पुढं कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागं असलेला कल, जातो, मागं पिनियन फिरतो आणि वळणावर गाडी आडवी झुलते ती वेगळीच.

दुसरी चूक: काट्यांची रेष

दुसरा क्रॉस पहिल्यापेक्षा लवकर गेला, सहा आठवड्यांत. तेव्हा कळलं नाही का. क्रॉस बदलताना शाफ्टचा स्लिप, म्हणजे आत-बाहेर सरकणारा खाचांचा भाग, वेगळा केला होता आणि परत घालताना एक-दोन खाचा सोडून बसवला होता. दोन टोकांचे काटे एका रेषेत राहिले नाहीत. अशा शाफ्टमध्ये दुसरा क्रॉस पहिल्याची चूक काढतच नाही, उलट स्वतःची तीत घालतो. ज्या गॅरेजमध्ये हे झालं तिथं मी समोर उभा होतो आणि मलाही सुचलं नाही, त्यामुळं दोष एकट्या मेस्त्रींचा नाही.

स्लिप उघडण्याआधी दोन्ही भागांवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा. तेवढ्या एका रेघेनं सहा आठवड्यांचा क्रॉस वाचतो. खूण नसलेला शाफ्ट आधीच हातात आला असेल तर तो जमिनीवर ठेवा, एका टोकाचा काटा आडवा करा आणि दुसऱ्या टोकाचाही आडवाच आहे का बघा.

स्लिपकडं बघताना आणखी एक गोष्ट तपासा. गाडी उठली की ट्रान्सफर केस आणि हौसिंगमधलं अंतर वाढतं आणि स्लिप बाहेर येतो. माझा दीड सेंटिमीटरच्या वर आला होता. खाचांवर एक नवा चकचकीत पट्टा दिसत होता, तोच पुरावा. जेवढा स्लिप आत कमी, तेवढा तो ढिला आणि तेवढी शाफ्टची थरथर जास्त. काकांनी ईएन ८ पोलादाचा स्पेसर करून दिला आणि सोबत १०.९ ग्रेडचे लांब बोल्ट घेतले. स्पेसरची जाडी ठरवताना गाडी जॅकवर घेऊन हौसिंग पूर्ण लटकवून मोजा, मग जॅक हौसिंगखाली लावून पाटे बंप स्टॉपला, म्हणजे चॅसीखालच्या रबरी ठोकळ्याला, टेकेपर्यंत दाबून परत मोजा. पूर्ण दाबल्यावर स्लिप तळाला आपटत असेल तर स्पेसर जाड झाला. तसाच चालवला तर ट्रान्सफर केसचं बेअरिंग जातं आणि तो खर्च क्रॉसच्या कितीतरी पट आहे.

पाचर कुठल्या बाजूला

पिनियन फिरवून जागेवर आणायला पाटा आणि हौसिंग यांच्यामध्ये उतरती पाचर घालतात. इथं फार जण चुकतात. आमच्याकडंही पहिल्यांदा उलटी बसली आणि पिनियन आणखी वर गेला.

मेस्त्रींचा हात ट्रकवर आणि पिकअपवर बसलेला असतो. त्या गाड्यांत पाटा हौसिंगच्या वर असतो, त्यामुळं नाक खाली आणायला जाड बाजू पुढं घालतात. जिप्सीत मूळचा पाटा हौसिंगच्या खाली असतो. इथं पाचर पाट्याच्या वर आणि हौसिंगच्या खाली बसते, म्हणून सगळं उलटं होतं. मागच्या पिनियनचं नाक खाली आणायचं तर जाड बाजू मागं. कुणाचं ऐकून नका बसवू. हौसिंग बाजूनं कागदावर काढा, पाचर काढा आणि कुठल्या बाजूला ते कलेल ते बघा. दोन मिनिटं लागतात.

पाचर लोखंडी घ्या. ॲल्युमिनियमची दबते, तिला तडा जातो आणि यू-बोल्ट, म्हणजे पाटा हौसिंगला आवळून धरणारे बोल्ट, आपोआप ढिले होतात. पाचर घातल्यावर मधला सेंटर बोल्ट आखूड पडतो. त्याचं डोकं हौसिंगच्या भोकात पूर्ण बसलं पाहिजे. ते वरच्यावर राहिलं तर एखाद्या खड्ड्यात हौसिंग मागं सरकतं आणि गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. यू-बोल्ट मात्र नवेच घाला. एकदा ताणलेला यू-बोल्ट परत तेवढा ताण धरत नाही.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. मागची लांब शॅकल काढून मूळची लावली. गाडी मागं इंचभर खाली आली, शाफ्ट १० अंशांवर आला, पिनियन ४ वर. दोन अंशांची पाचर घातल्यावर पिनियन २ वर. आता दोन्ही क्रॉसचे कोन आठ-आठ. त्या दिवशी संध्याकाळी मच्छेपर्यंत जाऊन आलो. ६० ला सीटखाली काहीच नव्हतं. खिडकी बंद करून परत एकदा गेलो, खात्री करायला.

एक वेगळा उपायही लोक करतात, तो म्हणजे ट्रान्सफर केसच खाली उतरवणं. जिप्सीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी, स्वतःच्या रबरी माउंटिंगवर बसते, त्यामुळं हे जमतं. पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या मध्ये एक छोटा शाफ्ट आहे, त्याच्या कोनाचं काय? तो इतका आखूड आहे की अर्ध्या इंचातही त्याचा कोन भरपूर बदलतो. मागचा आवाज गेला आणि पुढून नवा आला, असं एकाच्या गाडीत झालेलं मी पाहिलंय.

ग्रीस आणि मलप्रभेचं पाणी

कोन बरोबर असूनही क्रॉस कोरडा पडला तर जाणारच. ग्रीस निपल असलेलाच क्रॉस घ्या. आपल्या भागात जून ते सप्टेंबर गाडी ओढ्यातून जाते. चालून तापलेला क्रॉस आणि हौसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तांबड्या मातीचं पाणी आत गेलं की तीच विटेची भुकटी. पावसाळ्यात मी दर पंधरा दिवसांनी ग्रीस मारतो, चारही वाट्यांच्या कडेनं ताजं ग्रीस बाहेर येईपर्यंत. हौसिंगच्या ब्रीदरला, म्हणजे हवा जायच्या भोकाला, रबरी नळी जोडून ती वर चॅसीपर्यंत नेली आहे. नळी आणि क्लिपा, एवढाच खर्च. जुनं ऑइल सोडताना ते दुधाळ निघालं तर पाणी शिरलंच आहे असं समजा.

पुढचं स्टिअरिंग हलणं

पुढच्या बाजूची तक्रार वेगळी: गाडी रस्त्यावर इकडंतिकडं ओढते, वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ येत नाही, आणि एखाद्या खड्ड्यानंतर स्टिअरिंग हातातून सुटेल असं झोडपतं. हा प्रकार धोक्याचा आहे. वंटमुरी घाटात ट्रकच्या शेजारी माझ्या गाडीत तो झाला, तेव्हा हळूहळू वेग कमी करत डाव्या बाजूला थांबलो आणि पाच मिनिटं स्टिअरिंगवरचा हात काढवेना.

जिप्सीत पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की हौसिंगचा माथा पुढं कलतो आणि कॅस्टर कमी होतो. सायकलचा पुढचा काटा मागं कललेला असतो म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. तो कल काढून घेतल्यासारखंच हे. इलाज मागच्यासारखाच: मूळ शॅकल, आणि गरज असेल तर पाचर, पण इथं जाड बाजू पुढं. यानं पुढचं पिनियन खाली जातं आणि पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो. तरी कॅस्टरलाच पहिला मान द्या. फ्री व्हील हब उघडे असताना, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलपासून सोडलेली असताना, पुढचा शाफ्ट फिरतच नाही आणि चिखलात फोर बाय फोर लावून आपण दहा-पंधराच्या वेगानंच जातो.

कॅस्टर बरोबर करूनही झोडपणं राहिलं तर किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या खुंटीवर वळतं तिचे, बेअरिंग बघा. दोन्ही चाकांना जोडणारा टायरॉड सोडा, नकलच्या, म्हणजे चाकाबरोबर वळणाऱ्या भागाच्या, टोकाला वजनाचा स्प्रिंगकाटा अडकवून ओढा. नकल काही जोर न लागता भिरभिर फिरत असेल तर बेअरिंग ढिले आहेत. किंगपिनखालचे शिम, म्हणजे पातळ पत्रे, कमी करून ताण आणता येतो, खूप झिजले असतील तर बेअरिंगच बदलावे लागतात. कुणी लगेच स्टिअरिंग डँपर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा आडवा शॉक, सुचवला तर थांबा. डँपर ढिलेपणा झाकतो, काढत नाही. झाकलेला ढिलेपणा पुढच्या घाटात परत भेटतो.

लिफ्टनंतर ड्रॅगलिंक, म्हणजे स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडं जाणारा रॉड, तीही तिरकी होते. तिचं एक टोक स्टिअरिंग बॉक्सकडं, म्हणजे चॅसीवर, आणि दुसरं हौसिंगबरोबर वरखाली होणारं. ती जेवढी तिरकी, तेवढा प्रत्येक खड्डा स्टिअरिंग ओढणार. दोन इंचांपर्यंत लांबी ॲडजस्ट करून स्टिअरिंग मध्यावर आणलं तरी भागतं. पाटे हौसिंगच्या वर चढवून चार-साडेचार इंच उचललेल्या गाडीत नाही भागत. तिथं बॉक्सचा आर्म किंवा लिंकची जागाच बदलावी लागते, आणि ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

बाकीचं थोडक्यात

ब्रेक होज. हौसिंग पूर्ण लटकवून आणि स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून बघा. होज ताणलेली दिसली तर त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका, आधी लांब होज घाला. गाडीला मागं भाराप्रमाणं ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याची दांडीही ॲडजस्ट करा. लिफ्टनंतर त्याला गाडी कायम रिकामीच वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात.

शॉकॲब्सॉर्बर. मूळचे ठेवले तर चाक लटकताना शॉकच दोर होतो आणि वरचा डोळा तुटतो. लांब घातले आणि बंप स्टॉप तेच ठेवले तर शॉक आतून आपटतो. दोन्ही टोकांना मोजूनच घ्या.

यू-बोल्ट बसवल्यावर पहिल्या १०० किलोमीटरला आणि मग ५०० ला परत आवळा. पाटे आणि पाचर बसत जातात तशी पकड सैल होते.

जुन्या थारवाल्यांसाठी दोन ओळी जास्त. २०१० पासूनच्या पहिल्या थारच्या सीआरडीई मॉडेलला मागं पाटे आहेत पण पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा. तिथं लिफ्ट म्हणून बारचा बोल्ट आवळून गाडी उठवतात. पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांत काम होतं, म्हणून सगळे आवळतच जातात. त्यानं बार कडक होत नाही, फक्त चाकाला खाली जायला जागा उरत नाही आणि पुढचे ॲक्सल कायम तिरके फिरतात. मग सीव्हीचं, म्हणजे ॲक्सलच्या टोकाच्या सांध्याचं, रबरी बूट घडीवर फाटतं, ग्रीस उडतं, चिखल आत जातो आणि वळताना कटकट सुरू होते. दुसऱ्यांदा बूट फाटलं तर तिसरं घेऊ नका, बार सोडा. इंच-सव्वा इंचाच्या पुढं बारवर भरवसा ठेवू नका. उंची बदलली की अलाइनमेंटही प्रत्येक वेळी करायला हवं, नाहीतर टायर एका कडेनं खातो.

कागदपत्रांचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीत आहे त्यापेक्षा वेगळी रचना करता येत नाही. आपली गाडी केए २२ आणि तिलारी किंवा आंबोलीकडं निघालो की वाटेत राज्य बदलतं, पण कलम दोन्हीकडं तेच आहे. कमी उचला, त्यातही सगळं मोजून उचला.

माझ्या गाडीचं एक काम अजून बाकी आहे. पुढची शॅकल मूळची लावली, कॅस्टर आला, झोडपणं गेलं; पण फोर बाय फोर लावून चढाला जोर दिला की पुढच्या शाफ्टमधून किंचित किरकिर येते. आकडे घेतलेत, ट्रान्सफर केसकडचा कोन १४ आणि पिनियनकडचा ११ आहे. दिवाळीनंतर रस्ता वाळला की शाफ्ट काढून काकांकडं नेणार आहे. तुम्ही कुणी जिप्सीचा पुढचा शाफ्ट दुहेरी क्रॉसचा, म्हणजे एकाच टोकाला जोडीनं दोन क्रॉस असलेला, करून घेतला असेल तर तुमचे तीन आकडे आणि टायरचा साइज नक्की सांगा.